अकोल्याचं जाड बेअरिंग

“माप पाहा, माप. तोंडानं काय सांगता?” मी जाडी मोजायची सरकपट्टी काउंटरवर ठेवली. ठेवली म्हणजे आपटलीच. “हे बेअरिंग जाड हाय.”

“काकू, सीलबंद डब्यातलं बेअरिंग जाड कसं राहीन? ते काय भाकर हाय का, एक जाड झाली अन् एक पातळ झाली?”

“भाकरीचं मले नका सांगू. माही भाकर बी मापात राहते.”

मागे कोणीतरी हसलं. मी वळून पाहिलं. हसणं थांबलं.

“मंग तुमी बसवलं वाकडं,” दुकानाचा मालक म्हणाला.

“वाकडं? घरी या अन् पाहा माह्या भिंतीले ठोकलेले खिळे. एक वाकडा सापडला तर मी बेअरिंग चावून खातो.”

मंडळी, तुम्हाला एकदम भांडणाच्या मधोमध आणून उभं केलं. चहा गाळेपर्यंत मागचं सांगते, बसा. आणि एक आधीच सांगून मोकळी होते: या गोष्टीत मी तोंडावर पडते. मी एकाहत्तर वर्षांची आहे. तोंडावर पडायचे प्रसंग मी मोजून ठेवलेत. चार आहेत. बाकीचे तीन माझ्याबरोबर जातील.

माझं माहेर चांदूर बाजारकडचं. शाळा सातवीपर्यंत. पुढचं सगळं शिक्षण वस्तू उघडून झालं. लग्नात मिळालेलं शिलाई मशीन सहाव्या महिन्यात उघडलं, तेव्हा सासूबाईंनी देव पाण्यात घातले. मशीन अजून चालतं. मग कूलर, मग पाण्याची मोटर, मग जावेची पिठाची गिरणी. अमरावतीत आमच्या गल्लीत कोणाचा पंखा बंद पडला तर आधी मला हाक येते, इलेक्ट्रिशियनला नंतर, आणि त्याला ती बहुतेक जातच नाही. बावन्नाव्या वर्षी मी गाडी चालवायला शिकले. शिकवणारा म्हणाला होता, काकू, तुमी मले घाबरवता.

आमच्या घरात गाडी मीच चालवते. वसंतरावांना येत नाही. वसंतराव म्हणजे माझे यजमान. हो, मी नवऱ्याचं नाव घेते, उखाणा न घालता घेते. ते कोर्टात कारकून होते. तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांची भांडणं सुवाच्य अक्षरात लिहिली आणि घरी आल्यावर माझ्याशी एकही भांडण नीट केलं नाही.

तर गाडीत आवाज यायला लागला. चाळीसच्या पुढे गेलं की भुंगा डब्यात कोंडल्यासारखा. बडनेऱ्याच्या रस्त्यावर मी दोन दिवस कान देऊन चालवली. उजवीकडे वळलं की आवाज वाढे, डावीकडे वळलं की कमी होई. उजवीकडे वळताना भार कुठे येतो? डाव्या चाकावर. बैलगाडीत लहानपण गेलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. डाव्या पुढच्या चाकाचं बेअरिंग गेलं होतं. आणि हे निदान, मी आजही छातीठोक सांगते, शंभर टक्के बरोबर होतं.

चूक केली ती वसंतरावांनी. त्यांनी पुण्याला मुलाला फोनवर सांगितलं की गाडी आवाज करते.

संध्याकाळी नितीनचा फोन. “आई, गाडी विकून टाकू. एक माणूस ओळखीचा हाय, तो पाहाले येईन.”

“कावून विकू?”

“आवाज येते म्हणे. अन् तुहं वय पाहा.”

“आवाज गाडीचा येते. वय माहं पाहाचं?”

“आई, तसं नाही. पण आता चालवणं बंद कर. रिक्षा हाय, मी हाय.”

“तू पुण्याले हाय. अन् बेअरिंग गेलं, एवढंच झालं. ते मी बदलून टाकतो.”

“कोणत्या मेकॅनिककडे?”

“मेकॅनिक कायले पायजे? घरी. अंगणात.”

मग तो म्हणाला, आणि त्याच्या या वाक्याची मी नोंद ठेवली आहे: “ठीक हाय. रविवारपर्यंत तू बेअरिंग बदललं अन् आवाज गेला, तर मी गाडी विकाचं नाव काढणार नाही. नाही जमलं, तर किल्ली बाबांच्या हाती.”

किल्ली बाबांच्या हाती. म्हणजे अशा माणसाच्या हाती, जो पायडलवाल्या रिक्षात बसतानासुद्धा ‘हळू घे’ म्हणतो.

“कबूल,” मी म्हणाले.

आता तुम्हाला वाटेल, गाडीची किल्ली एवढी मोठी गोष्ट आहे का? तुम्ही तिशीचे असाल तर नाही. पण एकदा का ती किल्ली गेली, की पुढे काय काय जातं ते मी माझ्या मैत्रिणींच्या घरी पाहिलंय. आधी किल्ली जाते. मग ‘गॅसजवळ नको जाऊ’. मग ‘बँकेत आम्ही जातो, तू कशाला’. मग माणसाला सोफ्यावर बसवून टीव्ही लावून देतात आणि विचारतात, काय पाहिजे का. मला तो सोफा नको होता.

अमरावतीत तीन दुकानं फिरले. तिन्ही दुकानांत मला एकच प्रश्न विचारला: “मेकॅनिक कोण हाय काकू?” मी म्हणायची, “मी.” मग ते माझ्या मागे बघायचे, अजून कोणी येतंय का. शेवटी बहिणीला भेटायला अकोल्याला गेले होते, तिथल्या एका दुकानात शिरले. काउंटरवर देवरावजी नावाचे गृहस्थ. वय माझ्याच आसपासचं, जाड भिंगांचा चष्मा, एका काडीला दोरा. त्यांनी मेकॅनिक विचारला नाही. “गाडी कोणत्या सालची? पुढचं डावं का उजवं?” एवढंच. मग शिडी लावून तिसऱ्या फळीवरून डबा काढला, चष्मा कपाळावर चढवून त्यावरचा नंबर डोळ्यांपाशी नेऊन वाचला आणि माझ्यासमोर ठेवला. “लॉक बी नवं घ्या. जुनं पुन्हा नका वापरू.”

मला तो माणूस एकदम पटला. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी मला कामाचा सल्ला दिला होता, आरामाचा नाही.

अवजारं कुरिअरनं मागवली. पेटी आली तेव्हा वसंतराव पेपर वाचत होते. “हे काय व, तोफ मागवली का?”

तोफच म्हणा. बेअरिंग आत ढकलायचं आणि बाहेर ओढायचं खास यंत्र असतं. वीतभर लांब पोलादी स्क्रू आणि लहानापासून मोठ्यापर्यंत चकत्या आणि वाट्या, एकात एक बसणाऱ्या, भातुकलीच्या डब्यांसारख्या. एका बाजूला चकती लावा, दुसऱ्या बाजूला वाटी, मधून स्क्रू घाला, पाना फिरवा. बेअरिंग गपगुमान सरकतं. हातोडा मारायचा नाही. जे हातोडा मारून बेअरिंग बसवतात, त्यांच्या हाती मी माझा पाटासुद्धा टाकी लावायला देणार नाही. मोबाइलवर मी या कामाचे अकरा व्हिडिओ पाहिले आणि वहीत उतरवून घेतले. दोन व्हिडिओवाल्यांच्या चुकाही काढल्या.

गुरुवारी सकाळी गाडी जॅकवर चढवली, खाली दोन स्टँड लावले, चाक काढलं. मधला मोठा नट हलेना. तो सुटताना आतला दांडा फिरू नये म्हणून आत बसून कोणीतरी ब्रेक दाबायला लागतो.

“वसंतराव, आत बसा. ब्रेक दाबून धरा.”

ते पेपरसकट बसले. मी पान्याला बोअरचा जुना पाइप लावला, वर उभी राहिले. सगळंच गरगर फिरलं आणि मी खाली.

“दाबला का ब्रेक?”

“दाबला ना.”

“मंग फिरते कसं?”

“मी मधला नाही दाबला, डावीकडचा दाबला. मले काय मालूम, तीन हायेत म्हणून.”

सांगा आता. या माणसाच्या हाती किल्ली जाणार होती.

नट सुटला. चाकामागचा तो अवजड लोखंडी भाग असतो, ज्याच्या भोकात बेअरिंग बसतं, तो सगळाच सोडवून मी ओट्यावर घेतला. जुनं बेअरिंग बाहेर ओढताना त्याची अशी दशा होती की ते दोन तुकडे होऊन निघालं आणि छर्रे अंगणभर. चार छर्रे वसंतरावांनी वेचून खिशात ठेवले, नातवासाठी म्हणे. जुन्याचं बाहेरचं कडं मी सरकपट्टीनं मोजून वहीत लिहिलं. मग भोक पुसलं, ग्रीसचा हलका हात फिरवला, नवं बेअरिंग सरळ धरलं आणि पाना फिरवायला लागले.

तुपासारखं गेलं. शेवटपर्यंत गेलं. आणि शेवटी नाही गेलं.

म्हणजे असं. बेअरिंग पूर्ण आत गेलं की त्याच्यावर लॉक बसतं. तुटक्या बांगडीसारखी पोलादी कडी, ती चिमट्यानं दाबून भोकातल्या खाचेत सोडायची, की बेअरिंग कधी बाहेर येत नाही. माझी खाच अर्धीच दिसत होती. बाकीच्या अर्ध्या खाचेवर बेअरिंग. केसभर. एक केस, मंडळी. आणि त्या एका केसानं लॉक बसेना.

मी पाना फिरवला. अजून फिरवला. पाइप लावून फिरवला. शुक्रवारी जावेला बोलावून दोघींनी फिरवला. जाऊ म्हणाली, “ताई, आता माही कंबर सरकून राहिली, बेअरिंग काही सरकत नाही.”

मी वही काढली. व्हिडिओ परत पाहिले. मग ओट्यावर बसून स्वतःला प्रामाणिकपणे विचारलं, की बाई, तुझं तर काही चुकलं नाही ना? आणि प्रामाणिकपणे उत्तर दिलं, नाही. माझं चुकलं नाही, तर उरलं कोण? बेअरिंग. बेअरिंग जाड होतं. आता ते आत बसलेलं, त्यामुळे मोजता येत नव्हतं. पण ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे ते मोजायचं कशाला?

दुकानात फोन लावला. मालकानं उचलला. “बेअरिंग जाड निघालं तुमचं.”

“काकू, मेकॅनिकले फोन द्या.”

“मेकॅनिकच बोलून राहिली.”

त्यानं फोन ठेवला. झालं. शनिवारी सकाळच्या बसनं मी अकोल्याला निघाले. मांडीवर पिशवी, पिशवीत तो लोखंडी धोंडा, बेअरिंगसकट. शेजारी वसंतराव. त्यांना मी बोलावलं नव्हतं. ते म्हणाले, “तू एकटी गेली तर त्या दुकानदाराचं कसं होईन?” मूर्तिजापूरला एक बाई चढली, तिनं पिशवीला हात लावून पाहिला आणि विचारलं, “आजी, जातं हाय का?” मी म्हटलं, “हो.” समजावून सांगायच्या मनःस्थितीत मी नव्हते.

आणि आलो आपण काउंटरपाशी.

मालक चाळिशीचा, तरतरीत. त्यानं त्याच नंबरचे दोन डबे फोडले, दोन्ही बेअरिंगं माझ्याच पट्टीनं मोजून दाखवली. दोन्ही माझ्या वहीतल्या मापाची. तंतोतंत.

“पाहा,” तो म्हणाला.

“हे बरोबर हायेत,” मी म्हटलं. “मले दिलेलं जाड हाय.”

“दोन डब्यातली दोन बरोबर अन् तुमचंच एक जाड?”

“दहा पोरांत एक जाड राहत नाही का?”

गिऱ्हाईकं जमायला लागली. एकजण म्हणाला, काकू म्हणतात तेही खरं आहे, आजकाल माल तसाच येतो. दुसरा म्हणाला, माझंही क्लच-प्लेटच्या वेळी असंच झालं. भांडणाला गिऱ्हाईकाची कमी नसते. मालक लाल झाला. आणि तिथे तो जे बोलला ते त्यानं बोलायला नको होतं.

“काकू, रागावू नका, पण या वयात घरी बसून पोथी वाचाची सोडून हे धंदे कायले करता? माणसाले आपलं वय समजाले पायजे.”

मी तोंड उघडलं. पण माझ्या आधी दुसरंच कोणीतरी बोललं.

“एक मिनिट, साहेब.”

वसंतराव पुढे झाले होते. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला. कोर्टात मोठा वकील बोलायच्या आधी करतो तसं. हे मी पूर्वी पाहिलं नव्हतं.

“सदरहू बेअरिंग,” ते म्हणाले, “तुमच्या दुकानातून घेतलं. पावती हाय. सदरहू बेअरिंग बसत नाही. आता ते काढून मोजा. जाड निघालं, तर तुमी या बाईची माफी मागान, इथंच, या लोकांसमोर. नाही मागतली, तर मी सोमवारी ग्राहक मंचात अर्ज टाकतो. तीस वर्ष अर्ज लिहिले हायेत मी. एक बी परत नाही आला.”

“काका, तुमी कायले...”

“अन् वयाचं म्हणाल तर,” वसंतराव म्हणाले, “अठ्ठेचाळीस वर्ष झाले मी हिच्यासंग राहून राहिलो. लय भांडखोर हाय. कोणाचं ऐकत नाही. माह्या पेपरवर स्क्रू ठेवते. पण हातच्या कामात हिची चूक झाली, असं मी आजपर्यंत पाहिलं नाही.”

अठ्ठेचाळीस वर्षांत हा माणूस माझ्या बाजूनं इतकं मोठं वाक्य पहिल्यांदा बोलला होता, आणि ते बोलायला त्याला अकोला लागलं. मला काय वाटलं ते सांगणार नाही.

“काढा,” मालक म्हणाला. “देवरावजी, मागं प्रेस हाय, काढून द्या काकूचं बेअरिंग. दूध का दूध होऊन जाईन.”

देवरावजींनी माझी पिशवी उचलली आणि मला म्हणाले, “चाला ताई. तुमच्या डोळ्यासमोर काढू.”

मागची खोली अंधारी, एक दिवा, एक मोठा हायड्रॉलिक प्रेस. असा प्रेस मला घरी पाहिजे, तेव्हाही वाटलं, आताही वाटतं. देवरावजींनी लोखंड टेकूवर ठेवलं, दांडा मारला, सावकाश. माझ्यापेक्षा हळू आणि माझ्यापेक्षा चांगला, हे मी फक्त इथे कबूल करते. बेअरिंग कट्ट करून निघालं आणि त्यांच्या तळहातात पडलं.

त्यांनी ते मोजलं. चष्मा कपाळावर, पट्टी डोळ्यांपाशी. मग पट्टी मला दिली.

बरोबर होतं. केसभरही जाड नव्हतं.

“मंग...” मी म्हणाले.

देवरावजींनी बॅटरी घेतली आणि त्या रिकाम्या भोकात उजेड टाकला. आत तळाशी एक काठ असतो, ज्यावर बेअरिंग जाऊन टेकतं. त्या काठावर काहीतरी चिकटलं होतं. चपटं, गुलाबी. एक, दोन, तीन, चार. त्यांनी स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं एक खरवडून बोटावर घेतलं आणि दिव्याखाली धरलं.

“पोहे हायेत का ताई हे?”

आता तुम्हाला एक गोष्ट सांगायची राहिली. लपवली नाही. त्या खोलीत उभी राहीपर्यंत मलाही ती आठवली नव्हती, कारण जे आपण रोज करतो ते आपण ‘केलं’ म्हणून मोजतच नाही.

आमच्या घरी कोणतंही नवं यंत्र कुंकू लावल्याशिवाय कामाला लागत नाही. सासूबाईंची रीत. त्यांच्या हयातीत मी ती नाइलाजानं पाळली, त्या गेल्यावर मनापासून. शिलाई मशीनच्या नव्या पट्ट्यालाही, कूलरच्या पंपालाही. गुरुवारी सकाळी नवं बेअरिंग ताटात ठेवून मी त्याला हळदकुंकू लावलं, अक्षता वाहिल्या, साखर ठेवली. मग ते बेअरिंग स्वच्छ पुसलं. अगदी लख्ख, कारण व्हिडिओतला माणूस तीनदा सांगतो, बेअरिंगला कचरा लागू देऊ नका. इथपर्यंत ठीक. पण मग माझ्या मनात आलं, की बेअरिंगला एवढा मान दिला आणि ज्या घरात ते आयुष्यभर राहणार त्या भोकाला काहीच नाही? सून घरात घ्यायची तर उंबऱ्याचीही पूजा असते. म्हणून मी त्या भोकालाही एक बोट कुंकू लावलं आणि कुंकवानं ओल्या झालेल्या अक्षतांची चिमूट टाकली.

आणि भोकात तेव्हा ग्रीस लावलेलं होतं.

वरचे दाणे मी उचलले. ग्रीसमध्ये रुतून बसलेले मला दिसले नाहीत. आणि त्यांच्यावर मी बेअरिंग ठेवून दोन दिवस पाना फिरवला. पाइप लावून. जावेची कंबर लावून. पोहे होणार नाहीत तर काय होईल?

“अक्षता हायेत,” मी म्हणाले. आवाज माझाच होता, पण बराच लहान.

देवरावजी हसले नाहीत. ते चपटे दाणे त्यांनी कागदाच्या पुडीत घेतले आणि चिंधीला रॉकेल लावलं. “राहू द्या ताई. घरची पूजा हाय, चारचौघात कायले काढाची? मी पुसून टाकतो. तुमी काहीच नका बोलू, मी बी काहीच पाहिलं नाही.”

काय माणूस. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि खरं सांगू, मी मान डोलावली. डोलावली मी. कारण मला किल्ली दिसत होती. माझ्या कमरेच्या बटव्यात होती ती. उद्या रविवार. गप्प राहिले तर नवं बेअरिंग मिळेल, संध्याकाळपर्यंत बसवेन, आवाज जाईल. खरं बोलले तर आईचं हातचं काम चुकलं हे वसंतरावांच्या फोनवरून नितीनपर्यंत जाणार, आणि किल्ली गेलीच. गप्प राहिले तर नितीनला काय कळतंय? कोणालाच काय कळतंय?

बाहेर आलो तर खटला रंगात आला होता. वसंतरावांनी कोणाच्या तरी वहीचं पान फाडून अर्जाचा मसुदा सुरू केला होता. “सदरहू दुकानदार यांनी वयोवृद्ध ग्राहकास” इथपर्यंत मजकूर पोचला होता. मालकाच्या कपाळावर घाम.

“काय निघालं?” मालकानं विचारलं.

देवरावजी काही बोलले नाहीत. बेअरिंग काउंटरवर ठेवलं आणि खाली पाहत उभे राहिले. मीही बोलले नाही.

मालकानं आमच्या दोघांच्या तोंडांकडे पाहिलं आणि पट्टी हातात घ्यायच्या आधीच त्याला जे वाटायचं ते वाटलं.

“म्हणजे जाडच निघालं,” तो म्हणाला. “देवरावजी, तुमीच दिलं होतं ना हे? नंबर पाहिला होता का? का अंदाजानं काढलं?”

“पाहिला होता,” देवरावजी म्हणाले.

“या चष्म्यानं? मागच्या महिन्यात बी मी सांगतलं होतं, आता नजर काम देत नाही तर सांगा. माहे बाबा होते तवापासून तुमी हाय, म्हणून मी काही बोलत नाही. पण आता बस झालं. सोमवारपासून काउंटरवर नका बसू. घरी आराम करा. वय झालं की माणसानं बाजूले व्हावं.”

देवरावजींनी चष्म्याचा दोरा नीट केला. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, पाहिलं असतं तर मला सोपं गेलं असतं. फक्त काउंटरवरची दोन रिकामी खोकी उचलून त्यांनी एकात एक घातली. मला त्या क्षणी त्यांच्यामागे सोफा दिसला, आणि लावलेला टीव्ही.

“लिहून घ्या,” वसंतराव म्हणत होते, “दुकानदारानं चूक कबूल केली. आता माफी.”

“मागतो ना काका माफी, कागद तर ठेवा...”

“आधी माफी, मंग कागद.”

“काकू...” मालकानं माझ्यासमोर हात जोडायला घेतले.

तीन दिवसांच्या कष्टानं जिंकलेलं भांडण होतं हो ते. जन्मात एवढं स्वच्छ भांडण मी जिंकलं नव्हतं. समोरचा हात जोडत होता, नवरा माझ्या बाजूनं लढत होता, आठ-दहा गिऱ्हाईकं साक्षीला होती. मी बटवा उघडला, गाडीची किल्ली काढली, वसंतरावांच्या त्या मसुद्यावर ठेवली आणि म्हणाले:

“वसंतराव, ही किल्ली घ्या अन् अर्ज फाडा, बेअरिंग बरोबर होतं, देवरावजीनं नंबर वाचून बरोबर दिलं होतं, अन् त्याच्याखाली पूजेच्या अक्षता ठेवून, दोन दिवस पाना पिळून पिळून त्याहिचे पोहे करणारी शहाणी, ते मी हाय.”